ऑफिस आलं माजघरात!

घरी बसून नोकरी करणाऱ्यांचं, त्यांच्या सहकाऱ्यांचं आणि त्यांना वेळेवर चहा देणाऱ्यांचं काय होतं?

'कामाला गेला' याचा अर्थ 'घराबाहेर गेला', हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं होतं की त्यावर कुणी विचार करावा असं काही नव्हतंच. पेणसारख्या गावात तर ते डोळ्यांना दिसायचं. सकाळी सहाला एस.टी. स्टँडवर किंवा स्टेशनवर नजर टाकली की पनवेल, बेलापूर, ऐरोली, ठाणे अशी पोटामागे निघालेली मंडळी दिसत. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. रोह्याची माणसं त्यांच्याही आधी तासभर उठलेली. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि 'राहायचं कोकणात, नोकरी मुंबईकडे' असा एक नवा संसार सुरू झाला. त्या संसाराचा बराचसा भाग प्रवासातच जायचा. त्यात २०११ पासून पळस्पे ते इंदापूर महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम जे सुरू झालं, ते वर्षानुवर्षं रेंगाळलं. खड्डे, धूळ आणि वडखळच्या कोंडीत किती बायकांच्या पोळ्या डब्यात वाळून गेल्या, त्याची गणतीच नाही!

मग २४ मार्च २०२० ला टाळेबंदी जाहीर झाली. स्टँड ओस पडला आणि पाहता पाहता ऐरोली-ठाण्याची ऑफिसं पेणच्या माजघरात येऊन बसली. 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द ज्यांना इंग्रजीचा गंधही नाही अशा आजींच्या तोंडीसुद्धा बसला. "हळू बोला गं, नातवाचं वरकफोम चाललंय," असं आमच्या आळीत सर्रास ऐकू येऊ लागलं.

आता त्या गोष्टीला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला. काहींना कंपन्यांनी परत बोलावलं, काहींना आठवड्यातून दोन-तीन दिवसांची सवलत मिळाली, काहीजण अजूनही घरूनच काम करताहेत. सुरुवातीचं कौतुक ओसरलं, भीतीही ओसरली. तेव्हा मैत्रिणींनो, या सगळ्याचा जमाखर्च आता शांतपणे मांडायला हरकत नाही. कारण हा प्रश्न नुसता कंपन्यांचा नाही. ज्या घरात ऑफिस येतं, ते घर तुमचं-माझं असतं!

घरबसलं काम आपल्याला नवं का आहे?

तसं पाहिलं तर घरी बसून काम करणं आपल्या पेणला मुळीच नवं नाही. गणपतीचे कारखाने घ्या. हमरापूर, जोहे, कळवे या बाजूला जाऊन बघा, घराला लागूनच शेड, शेडमध्ये मूर्तींच्या रांगा. साच्यातून मूर्ती काढणं एकीकडे, घासून साफ करणं दुसरीकडे, रंगकाम तिसरीकडे आणि डोळ्यांची आखणी करणारा हात चौथाच. यातलं कितीतरी काम बायका घरचं सांभाळून करतात. पोह्याच्या पापडांचंही तेच. पेणचे पापड ज्या हातांनी लाटले जातात, ते हात दिवसभर कुठल्या कचेरीत नसतात, स्वयंपाकघरातच असतात.

फरक इतकाच की हे काम डोळ्यांना दिसतं. पापड किती झाले ते मोजता येतं, मूर्ती किती रंगल्या ते सांगता येतं. कॉम्प्युटरवरचं काम मात्र दिसत नाही. बाई टेबलाशी बसून विचार करते आहे की नुसती बसली आहे, हे घरच्यांनाही कळत नाही आणि साहेबांनाही कळत नाही! सगळ्या गोंधळाचं मूळ मला वाटतं इथेच आहे.

या कल्पनेचा जन्मसुद्धा २०२० मधला नव्हे. जॅक निल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ मध्येच, माणसांना रोज कामापर्यंत नेण्याऐवजी कामच माणसांपर्यंत न्यावं, असं सुचवलं होतं. रस्त्यावरच्या गर्दीवर त्याला उपाय हवा होता. त्याच्या डोक्यात अमेरिकेतले मोठाले रस्ते असतील, पण वडखळच्या कोंडीत अडकलेल्या कुणालाही त्याचं म्हणणं लगेच पटेल!

प्रवास वाचला, पण तो वेळ गेला कुठे?

आमच्या आळीतलीच गोष्ट सांगते. शेजारची सून ऐरोलीच्या एका कंपनीत. टाळेबंदीच्या आधी नवरा-बायको तिकडेच एका खोलीच्या जागेत राहायची, मुलगा इथे आजी-आजोबांकडे. शनिवारी रात्री यायचं, रविवारी रात्री जायचं. मुलगा रविवारी दुपारपासूनच रडवेला. २०२० मध्ये दोघं पेणला आली आणि दोन वर्षं इथेच राहिली. भाडं वाचलं, प्रवास वाचला आणि मुख्य म्हणजे पोराला आई मिळाली. त्याचा पहिलीचा पहिला धडा आईच्या मांडीवर झाला. हा फायदा कुठल्या हिशेबाच्या वहीत मांडणार?

पण घरात दुसरंही काही घडत होतं. पहिल्या आठवड्यात ती सासूबाईंना म्हणाली, "अहो आई, माझी मीटिंग आहे. अर्धा तास कुकरची शिट्टी होऊ देऊ नका हं."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी नाही होऊ देणार, पण कुकरला कोण सांगणार?"

तेव्हा दोघी हसल्या. सहा महिन्यांनी मात्र हसू येईना. सासूबाईंना वाटे, सून घरी असून नसल्यासारखी. सुनेला वाटे, मी कामावर असून कामावर नसल्यासारखी. ऑफिस नऊला सुरू व्हायचं ते रात्री नऊलाही संपत नसे, कारण गाडी पकडायची नाही, तर उठायचं कधी? पूर्वी सहा-पाचची गाडी ही तिची सुटका होती. गाडी चुकेल म्हणून साहेबसुद्धा 'बरं, उद्या बघू' म्हणायचे. घरी बसल्यावर 'उद्या बघू' हा शब्दच कामाच्या भाषेतून नाहीसा झाला.

प्रवासात नुसता वेळ जायचा असं आपण म्हणतो, पण त्या तास-दीड तासात बाई ना कुणाची सून असायची, ना कुणाची कर्मचारी. खिडकीशी बसून भाजी निवडायची, डुलकी काढायची, मैत्रिणीजवळ मन मोकळं करायचं. ऑफिसचा राग घरी यायच्या आधी वाटेत सांडून जायचा. आता तो राग बेडरूममधून स्वयंपाकघरात यायला दहा पावलं पुरतात!

रोह्याची दुसरी बाजू

माझी एक कॉलेजातली मैत्रीण रोह्याला दिलेली. तिचे यजमान धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर. ती स्वतः मुंबईच्या एका फर्मचे हिशेब घरून लिहिते. म्हणजे एकाच घरात दोन तऱ्हेचे नोकरदार. टाळेबंदीतही यजमानांची पाळी चुकली नाही. पास गळ्यात अडकवून रात्रपाळीला जायचे, कारण रिअ‍ॅक्टर काही घरी आणता येत नाही. त्यांच्या कारखान्यातले ऑफिसचे लोक घरी आणि पाळीवाले मात्र यंत्रापाशी. पगाराची पाटी एकच, पण धोका एकाच्या वाट्याला आणि सोय दुसऱ्याच्या. त्यावरून मनं दुखावली ती अजून पुरती सांधलेली नाहीत, असं ते सांगतात. घरून काम करण्याविषयी बोलताना ज्यांना ते कधीच शक्य नाही, त्यांची आठवण ठेवायला हवी. नर्सबाई, कंडक्टर, ऑपरेटर, आपली कामवाली, कुणाकुणालाच ते शक्य नाही.

मैत्रिणीची अडचण वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. झाडं पडली, पत्रे उडाले, खांब वाकले, कित्येक गावांतली वीज दिवसेंदिवस आली नाही. तिकडे मुंबईत बसलेल्या माणसाला मात्र 'लाइट नाही' म्हणजे तासाभराची गोष्ट वाटायची. ऑफिसात सगळ्यांची वीज एकदम जाते, तेव्हा सगळेच हात जोडून बसतात. घरून काम करताना एकटीचीच जाते आणि ती एकटीच मागे पडते. इन्व्हर्टर कुणाचा, इंटरनेटचं बिल कुणाचं, खुर्ची कुणी घ्यायची, हे सगळं आपोआप कामगाराच्या डोक्यावर येतं.

पण तिने सांगितलेली खरी खंत याहून निराळी आहे. ती म्हणाली, "अगं, दिवसभर मी ज्यांच्याशी बोलते त्यांच्यातल्या एकालाही मी कधी समोर पाहिलेलं नाही. मागे सर्दीने आवाज बसला होता. कुणी विचारलं नाही, कारण मी त्या दिवशी बोललेच नाही, नुसते आकडे पाठवले. आकड्यांना काही सर्दी होत नाही!"

माणूस नुसता पगारासाठी कामावर जात नाही, हे तिच्या एका वाक्यात आलं. कुणीतरी 'आज साडी छान आहे' म्हणावं, डब्यातली भाजी वाटून घ्यावी, चेहरा उतरलेला दिसला तर 'काय झालं?' म्हणून विचारावं, यासाठीही जातो. घरच्या माणसांना आपण 'कुणाची तरी' असतो. चार चौघांत आपण 'आपण' असतो. लग्न झालेल्या बाईला हा चार भिंतींबाहेरचा 'आपण' किती मोलाचा असतो, ते तुम्हांला सांगायला नकोच.

जाणत्यांनी काय पाहिलं

हे झालं आपल्या आळीतलं. जगातल्या अभ्यासकांनीही या प्रश्नाचा कसून पाठपुरावा केला आहे आणि त्यांचे आकडे आपल्या अनुभवाशी पुष्कळसे जुळतात.

पहिला मोठा प्रयोग चीनमधल्या एका प्रवास-कंपनीने २०१० - ११ मध्ये शांघायच्या कॉल सेंटरमध्ये केला. ज्यांनी घरून काम करायची तयारी दाखवली, त्यांच्यातल्या काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून नऊ महिने आठवड्याचे चार दिवस घरी बसवलं, बाकीच्यांना ऑफिसातच ठेवलं. घरी बसणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं! नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या घडल्या. एक म्हणजे, काम तितकंच चांगलं असूनही घरी बसणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या. डोळ्यांआड ते मनाआड! आणि दुसरी म्हणजे, प्रयोग संपल्यावर 'आता काय हवं ते निवडा' म्हटलं, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ऑफिसचा रस्ता धरला. मुख्य कारण एकटेपणा.

पुढे याच कंपनीने २०२१ - २२ मध्ये मधला मार्ग आजमावला. १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची मुभा दिली. सहा महिन्यांत नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. त्याचा लाभ मुख्यतः बायकांना, लांबून येणाऱ्यांना आणि साहेब नसलेल्यांना झाला. कामात खोट आली नाही, बढत्यांतही फरक पडला नाही. आधी नाक मुरडणारे वरिष्ठसुद्धा शेवटी 'चालेल' म्हणाले.

आता दुसरी बाजू ऐका, ती आपल्या देशातली आहे. डेव्हिड अ‍ॅटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी चेन्नईत डेटा एंट्रीचं काम करणाऱ्यांवर प्रयोग केला. तिथे घरी काम करणाऱ्यांचं काम ऑफिसातल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी भरलं. या फरकाचा मोठा भाग पहिल्याच दिवसापासून दिसत होता, उरलेला हळूहळू वाढला, कारण ऑफिसात बसणारे भराभर शिकत गेले. पण मला चटका लागला तो पुढच्या निष्कर्षाने. ज्यांना घरून काम करायला आवडेल असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, ते मुळात जास्त चपळ आणि बिनचूक काम करणारे होते. पण घरी बसल्यावर त्यांचंच काम जास्त घसरलं, २७ टक्क्यांनी! ज्यांना ऑफिस पसंत होतं, त्यांचं घरी १३ टक्क्यांनीच घसरलं.

असं का व्हावं? अभ्यासकांनी दिलेलं एक कारण असं की, ज्यांच्यावर मुलाबाळांची, घरच्या देखभालीची जबाबदारी आहे, त्यांना ऑफिसला जाणं अवघड असतं, म्हणून त्या घर मागतात आणि त्याच जबाबदारीमुळे घरी त्यांना काम होत नाही. ज्या बाईला घरून कामाची सर्वांत जास्त गरज, तिलाच घर काम करू देत नाही!

यात आश्चर्य कसलं? सरकारने २०२४ मध्ये वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ८८. म्हणजे आपले पावणेपाच तासांहून जास्त, त्यांचा दीड तासही भरत नाही. असे दोघे एकाच घरात लॅपटॉप उघडून बसले, तर दार वाजल्यावर कोण उठणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

टीम म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे

टाळेबंदीत मीही शाळेचे तास घरूनच घेतले. मुलांच्या चेहऱ्यांऐवजी नावांची अक्षरं समोर. वर्गात मुलाच्या कपाळावरची आठी दिसली की कळतं, गणित डोक्यावरून गेलं. अक्षरांना आठी पडत नाही. पण त्याहून मला चुकल्यासारखं झालं ते शिक्षकांच्या खोलीचं. मधल्या सुट्टीत एखाद्या नव्या बाईंनी 'अहो, सातवी ब काही केल्या ऐकत नाही' म्हणून सुस्कारा टाकावा आणि तीस वर्षं शिकवलेल्या बाईंनी चहाचा घोट घेता घेता 'मागच्या बाकावरच्या त्या उंच मुलाला फळा पुसायला लाव, वर्ग गप्प होतो,' असं सांगावं. ही विद्या कुठल्या परिपत्रकात येत नाही. मुद्दाम फोन करून विचारण्याइतकी ती मोठी नसते, आणि म्हणूनच फोनवर ती कधी मिळत नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अमेरिकेतल्या ६१,००० हून अधिक कर्मचाऱ्यांचा २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेच दिसलं. सगळे घरी गेल्यावर प्रत्येक गट आपल्या आपल्यात अधिक घट्ट झाला, पण दुसऱ्या विभागातल्या माणसांशी मिळून काम करण्याचा वेळ पूर्वीच्या सुमारे एक चतुर्थांशाने आटला. समोरासमोरचं बोलणं कमी झालं, लिहून पाठवणं वाढलं. म्हणजे चाळीतलं प्रत्येक बिऱ्हाड आपलं दार लावून सुखी, पण जिन्यातली बोलणी बंद!

जुन्या माणसाला याचा फटका कमी बसतो. त्याच्या ओळखी झालेल्या असतात, काम हातात बसलेलं असतं. नुकसान होतं नव्याचं. माझ्या रोह्याच्या मैत्रिणीच्या हाताखाली एक मुलगी नवी लागली, तीही घरूनच काम करायची. चार महिन्यांत ती नोकरी सोडून गेली. जाताना म्हणाली, "ताई, मला प्रश्न पडायचे, पण इतक्या लहान प्रश्नासाठी तुम्हांला फोन कसा करू असं वाटायचं." शेजारच्या खुर्चीवर बसली असती, तर तो लहान प्रश्न तिने कुजबुजत विचारला असता आणि टिकलीही असती.

कंपन्यांचंही मन अजून पुरतं स्थिरावलेलं नाही. टी.सी.एस.ने एप्रिल २०२० मध्ये, २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के माणसं ऑफिसात लागतील, अशी योजना जाहीर केली होती. त्याच कंपनीने २०२३ च्या ऑक्टोबरपासून बहुतेकांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं. अशा वेळी 'आता काय, घरूनच काम' म्हणून कुणी गावाकडे कर्ज काढून घर बांधलं असेल, तर त्याची किती तारांबळ उडाली असेल, विचार करा.

लिज्जतच्या बहिणींकडून शिकण्यासारखं

मग घरी बसून काम करणाऱ्यांचा संघ कधी जमूच शकत नाही का? जमतो! आपल्यापुढे त्याचं मोठं उदाहरण आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच पुढे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' झाली. आज हजारो बहिणी हे काम करतात आणि लाटतात आपापल्या घरी. २०२१ मध्ये त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली.

त्यांची पद्धत बघा. मळलेलं पीठ केंद्रावरच मिळतं. बहीण सकाळी केंद्रावर येते, आदल्या दिवशीचे पापड देते, ते तपासले जातात, वजन होतं, मजुरी मिळते, नवं पीठ घेऊन ती घरी जाते. काम घरी, पण भेट रोज! कुणाचे पापड जाड झाले तर तिथल्या तिथे कळतं. कोण आली नाही, कुणाच्या घरी काय झालं, तेही तिथेच कळतं. शिवाय प्रत्येकजण मालकीणही आहे, नफ्यातोट्यात तिचा वाटा आहे. काम मोजलेलं, मोल ठरलेलं, भेट नेमाची आणि मालकी सगळ्यांची. पापडवाल्या बहिणींनी साठ वर्षांपूर्वी जी गोष्ट ओळखली, ती मोठमोठ्या कंपन्या अजून शोधताहेत!

घरात ऑफिस असेल तर

आता थोडं व्यवहाराचं. आमच्या आळीत आणि रोह्याला जे उपाय उपयोगी पडलेले मी पाहिले, ते सांगते.

१. जागा ठरवा. वेगळी खोली नसली तरी एक कोपरा नक्की करा. पलंगावर मांडी घालून लॅपटॉप घेतला की महिन्याभरात कंबर बोलू लागते. जेवणाचं टेबल आणि पाठीला उशी बरी. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद बघायचं, म्हणजे डोळ्यांवर ताण येत नाही.

२. खूण ठरवा. शेजारच्या सुनेने दाराच्या कडीला लाल रुमाल बांधायला सुरुवात केली. रुमाल असला की घराला आग लागल्याशिवाय हाक मारायची नाही! सहा वर्षांच्या पोरालाही ते समजलं. मात्र रुमाल दिवसभर ठेवायचा नाही, मीटिंगपुरताच.

३. ऑफिस बंद करा. संध्याकाळी ठरल्या वेळी लॅपटॉप कपाटात ठेवून चक्क चप्पल घालून बाहेर पडा. भाजी आणा, देवळात जा, चार पावलं चाला. गाडीचा प्रवास गेला, पण घर आणि काम यांच्या मधला उंबरठा हवाच.

४. घरकामाची वाटणी बोलून करा. 'घरीच तर असते' हे वाक्य घरातून हद्दपार करा. यजमानही घरी असतील तर दुपारचा चहा त्यांचा. पहिले आठ दिवस कडू लागेल, मग सवय होते.

५. आठवड्यातून एकदा समोरासमोर भेटा. कंपनी बोलावत नसली तरी महिन्यातून एक-दोनदा स्वतःहून जा. बढतीच्या वेळी चेहरा आठवावा लागतो. आणि हाताखाली नवी मुलगी असेल, तर तिला रोज दहा मिनिटं आपण होऊन फोन करा, कामाशिवायचा.

६. घरी काम न करणाऱ्या गृहिणीचंही बघा. नवरा, मुलगा, सून सगळे घरी, म्हणजे चहा सहा वेळा, जेवणं तीन वेळांना आणि दुपारचा रेडिओ किंवा मालिका बंद! तिची दुपारची एक ते तीन ही वेळ तिचीच राहिली पाहिजे. थर्मासमध्ये चहा भरून ठेवावा, ज्याने त्याने घ्यावा.

हेही ठाऊक असू द्या

बाळंतपणाच्या रजेचा कायदा २०१७ मध्ये सुधारला. रजा १२ आठवड्यांची २६ झाली आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर मालकाच्या संमतीने घरून काम करण्याचीही तरतूद आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. हक्क म्हणून ती मिळत नाही, मालकाशी बोलून ठरवावी लागते, पण मागितल्याशिवाय तर मुळीच मिळणार नाही. लेकीला, सुनेला हे जरूर सांगा.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घराच्या दाराशी थांबत नाही. त्यातल्या 'कामाच्या जागे'त राहतं घरही येतं. वरिष्ठ रात्री-अपरात्री नको ते संदेश पाठवत असेल, तर 'मी कुठे ऑफिसात होते' म्हणून गप्प बसायचं कारण नाही. संदेश पुसू नयेत, जपून ठेवावेत आणि तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी.

आणि शेवटचा इशारा. 'घरबसल्या महिना चाळीस हजार' अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात. आधी नोंदणीचे पैसे भरा म्हटलं की समजावं, पाणी मुरतंय. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. लाजेने गप्प बसलं की चोराचं फावतं.

दार कोण उघडून देणार?

शेजारच्या सुनेच्या कंपनीने २०२३ मध्ये सगळ्यांना परत बोलावलं. घरात दोन रात्री बोलणी चालली. मुलगा पहिलीत, सासरे आजारी. 'नोकरी सोडते' असं तिने मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "अगं, सोडायच्या आधी विचारून तर बघ. तीन दिवस जाते, दोन दिवस घरून करते म्हणावं. ते तीन दिवस मी बघते." तिने विचारलं. महिनाभर घोळ चालला, पण मिळालं. आता ती तीन दिवस गाडीने जाते आणि दोन दिवस रुमाल लावून बसते. पगारात वाढ इतरांपेक्षा उशिरा झाली, त्याचं तिला वाईट वाटतंच. पण नोकरी आहे, टीम आहे आणि पोरगाही जवळ आहे.

कंपन्यांनी काय करावं हे सांगणारे पुष्कळ आहेत. आपल्या हातात घर आहे. आपल्या लेकीसुनांना गावात राहून नोकरी करता आली, तर पेण-रोह्यासारखी गावं नुसती म्हाताऱ्यांची राहणार नाहीत. पण त्यासाठी घरातल्या प्रत्येकाने एक गोष्ट मान्य करायला हवी. टेबलाशी पाठमोरी बसलेली बाई घरी 'असते' खरी, पण ती कामावर गेलेली असते. तिच्या डब्याची, तिच्या वेळेची आणि तिच्या बंद दाराची काळजी, ती सकाळची गाडी पकडून गेली असती तर जितकी घेतली असती, तितकीच घ्यायला हवी.